विसरलेलं वादळ : पीर पंजाल, फेब्रुवारी २००५

 

आपल्या मालिकेत आतापर्यंत लढायांबद्दल पुष्कळ बोलून झालं. आजच्या भागात शत्रू नाही आणि बंदूकही नाही. आज बोलायचं आहे ते एका बर्फाच्या वादळाबद्दल. त्यात मी स्वतः होतो, आणि ते लोकांच्या स्मरणातून जवळजवळ पुसलं गेलं आहे.

२००५ साल म्हटलं की मराठी माणसाला २६ जुलै आठवतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबई थांबली. काश्मीरशी संबंध असणाऱ्यांना त्याच वर्षीचा ८ ऑक्टोबरचा भूकंप आठवतो. आणि या दोन्हींच्या आधी, २६ डिसेंबर २००४ ला, त्सुनामी येऊन गेली होती. एवढ्या तीन मोठ्या आपत्तींच्या मधे फेब्रुवारी २००५ चं वादळ दबून गेलं. त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी त्याला ‘बर्फाची त्सुनामी’ म्हटलं. म्हणजे त्याला स्वतःचं नावसुद्धा मिळालं नाही, दोन महिन्यांपूर्वीच्या संकटाचं नाव उसनं घ्यावं लागलं. त्या वादळात जम्मू-काश्मीरमध्ये अडीचशेहून अधिक माणसं गेली. त्यांतली सुमारे पावणेदोनशे एकाच गावातली होती. गावाचं नाव वाल्टेंगू नाड.

हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? जबलपूरला निवृत्त अधिकाऱ्यांच्या बैठकीत मी हा प्रश्न विचारला होता. काश्मीरमध्ये दोन-दोन पोस्टिंग केलेल्यांनीही माना हलवल्या. म्हणून हा भाग.

जागा समजून घेऊ

नकाशा डोळ्यांसमोर आणा. जम्मूहून श्रीनगरला निघालात की उधमपूर, रामबन, बनिहाल अशी चढण लागते. बनिहालच्या पुढे पीर पंजालची रांग आडवी येते. या रांगेच्या अलीकडे जम्मू प्रदेश, पलीकडे काश्मीरचं खोरं. जुना रस्ता, म्हणजे महाराजा प्रतापसिंहांच्या काळातला बनिहाल कार्ट रोड, सुमारे ९,३०० फुटांवरच्या बनिहाल खिंडीतून जायचा. हिवाळ्यात ती खिंड बर्फानं बंद पडायची. म्हणून जर्मन अभियंत्यांच्या मदतीनं सुमारे ७,२०० फुटांवर बोगदा खणला आणि डिसेंबर १९५६ मध्ये तो वाहतुकीला खुला केला. तोच जवाहर बोगदा. अडीच किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, एक जाण्यासाठी आणि एक येण्यासाठी.

बोगद्यातून पलीकडे उतरलात की काझीगुंड. याला खोऱ्याचा दरवाजा म्हणतात. २००५ मध्ये मी लेफ्टनंट कर्नल होतो, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे रसद आणि वाहतूक या खात्यात. आमची छावणी काझीगुंडच्या बाजूला होती. रजेवर जाणारे जवान, रेशनच्या गाड्या, डिझेलचे टँकर यांची ये-जा सांभाळायची, कॉन्व्हॉय सोडायचा किंवा थांबवायचा, हे आमचं रोजचं काम. यात शौर्याचं काही नाही, पण ते एक दिवस जरी चुकलं तरी वरच्या चौक्यांवर चूल पेटत नाही.

वाल्टेंगू नाड याच भागात, पीर पंजालच्या उत्तर उतारावर आहे. आज ते कुलगाम जिल्ह्यात येतं, तेव्हा अनंतनाग जिल्ह्यात होतं.

हिवाळा संपत आला होता

काश्मिरी लोक हिवाळ्याचे तीन भाग करतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे कडक थंडी. मग वीस दिवस चिल्लई खुर्द, त्याहून सौम्य. मग दहा दिवस चिल्लई बच्चा, म्हणजे थंडीचं शेंडेफळ. त्या वर्षीचं वादळ आलं ते १७ फेब्रुवारीच्या सुमारास. चिल्लई खुर्द संपायला दोन दिवस राहिले होते. बाजारात लोक हिवाळा सरल्याच्या गोष्टी करत होते. डोंगरावर मात्र आधीच्या पावणेदोन महिन्यांचं बर्फ जसंच्या तसं होतं. दिवसा त्याचा वरचा पापुद्रा थोडा वितळायचा, रात्री पुन्हा गोठायचा. तो काचेसारखा गुळगुळीत झाला होता. पुढं जे झालं त्यात या पापुद्र्याचा वाटा मोठा होता. त्याकडे नंतर येतो.

१७ तारखेला गुरुवार होता. दुपारी खाली पावसाची भुरभुर होती. संध्याकाळी ती थांबली आणि वारा सुटला. अंधार पडल्यावर बर्फ सुरू झालं.

छावणीत त्या दिवशी रजेवर निघालेल्या जवानांची तुकडी अडकलेली होती. साताऱ्याकडचा एक हवालदार होता. वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिरजेला ठरलेली, पंधरा दिवसांची रजा, त्यातले दोन दिवस प्रवासाची वाट पाहण्यात गेलेले. तो माझ्याकडे आला आणि मराठीतच म्हणाला, “साहेब, बनिहालपर्यंत तरी सोडा. पलीकडं मी माझं बघतो.”

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या घटकेला रस्ता उघडा होता. बोगदा तासाभराच्या अंतरावर होता. पण चंदीगडचं हवामानाचं भाकीत आणि हिमस्खलनाचा इशारा आमच्याकडे आला होता. वरून हुकूम आला तो दोन शब्दांचा : गाड्या थांबवा. मी तो अमलात आणला. लष्कराच्या गाड्या उभ्या राहिल्या, आणि नागरी ट्रकवाल्यांनाही पोलिसांनी रोखलं. त्या रात्री मला किती जणांच्या नाराज चेहऱ्यांना तोंड द्यावं लागलं, ते विचारू नका.

फौजेत ‘आगे बढो’ सांगणं सोपं असतं. त्यात रुबाब आहे. ‘थांबा’ सांगणाऱ्याला कोणी हार घालत नाही, कारण थांबल्यामुळे जे घडत नाही ते कोणाला दिसत नाही.

तीन दिवस, तीन रात्री

सकाळी उठून दार उघडलं तर ते उघडेना. बाहेर बर्फ गुडघ्याच्या वर साचलं होतं. दुसऱ्या दिवशी ते कमरेपर्यंत आलं, तिसऱ्या दिवशी जिथं वाऱ्यानं ढकलून ढीग केले होते तिथं माणसाच्या डोक्यावर. वीज पहिल्याच रात्री गेली, टेलिफोन दुसऱ्या दिवशी. वायरलेस सेट तेवढा चालू, त्याच्या बॅटऱ्या आम्ही पोटच्या पोरासारख्या पांघरुणात ठेवल्या, कारण थंडीत बॅटरी लवकर उतरते.

बर्फाच्या वादळाचं जे वर्णन आपण कथांतून वाचतो त्यात शुभ्रता असते, शांतता असते. मला आठवते ती मेहनत. बरॅकचं पत्र्याचं छप्पर साधारण पन्नास चौरस मीटरचं. ताजं पडलेलं बर्फ हलकं असतं, घनमीटरला शंभर किलोच्या आसपास. पण एक मीटर थर साचला की त्याच छपरावर पाच टन वजन होतं, आणि ते दबलं, ओलं झालं की दुप्पट-तिप्पट. म्हणून दर दोन तासांनी जवान फावडी घेऊन छपरावर चढायचे. खाली उतरून अंग गरम होतं न होतं तोच पुन्हा पाळी यायची.

दुसरी धास्ती बुखारीची. बुखारी म्हणजे रॉकेलवर चालणारी लोखंडी शेगडी, तिचा धुराडा छपरातून बाहेर काढलेला असतो. धुराड्याचं तोंड बर्फानं बुजलं आणि खिडक्या बंद असल्या, तर आतला विषारी वायू बाहेर जात नाही. त्याला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. बुखारीवर पहारा हा फौजेचा जुना नियम आहे : सगळे झोपले तरी एक जण जागा, खिडकीची एक फट उघडी, आणि झोपण्यापूर्वी बुखारी बंद. त्या तीन रात्री मी चार-चार वेळा उठून ही फट तपासली. आमच्याकडे एकही माणूस दगावला नाही, ते या फटीमुळे, असं मी आजही म्हणतो.

लंगरमध्ये गरम पाणी सतत उकळत ठेवलं. ओले मोजे बदलल्याशिवाय जेवण नाही, असा हुकूम काढला. साताऱ्याच्या हवालदारानं न सांगता छपरावरच्या पाळ्यांचा हिशेब स्वतःकडे घेतला. रजेवरचा माणूस, त्याला कोणी काम लावू शकत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, “साहेब, काल निघालो असतो तर रामसूच्या अलीकडंच बसलो असतो.” एवढंच. मी पण पुढं काही बोललो नाही.

वाल्टेंगू नाड

हिमस्खलन झालं ते याच दिवसांत. पण खबर आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. रस्ता नाही, फोन नाही, हेलिकॉप्टरला उडण्याजोगं आभाळ नाही. गाव डोंगराच्या कुशीत, आणि पायवाट छातीएवढ्या बर्फाखाली. सगळ्यांत आधी तिथं पोचले ते आसपासच्या गावांतले लोक, पायी, फावडी आणि लाकडी दांडे घेऊन. मग पोलीस आणि लष्कराच्या तुकड्या पोचल्या. आभाळ उघडल्यावर वायुसेनेची हेलिकॉप्टरं आली.

बचावकार्याची सूत्रं माझ्या हाती नव्हती, हे स्पष्ट सांगतो. आमच्या छावणीचं काम मागचं : फावडी, कांबळी, दोर, रेशन, चहासाठी साखर-दूध, स्ट्रेचर. एका रसदीच्या टोळीबरोबर मी वर गेलो. प्रत्येकाच्या कमरेला लाल दोरी, मागं लांबवर सोडलेली. माणूस बर्फाखाली गेला तर दोरीचं टोक वर राहावं म्हणून ही व्यवस्था. दोघांत ठरावीक अंतर, बोलणं बंद, आणि पहाटे लवकर निघायचं, कारण ऊन चढलं की उतार सैल होतो.

वर पोचलो तेव्हा मला गाव दिसलंच नाही. पांढरं सपाट मैदान, मधूनमधून अक्रोडाच्या झाडांचे शेंडे, एखाद्या वाशाचं टोक. ‘गाव कुठे आहे?’ असं मी विचारणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं की मी गावावरच उभा आहे.

एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही चाचाच म्हणालो. ते एका अक्रोडाच्या शेंड्यापाशी उभे राहायचे, डोंगराच्या एका सुळक्याकडे पाहायचे, आणि तिथून पावलं मोजत चालायला लागायचे. पंचवीस पावलं, मग उजवीकडे बारा. तिथं काठी रोवायचे आणि म्हणायचे, इथं माझ्या भावाचं घर, दार खालच्या बाजूला. जवान तिथं खणायचे. बहुतेक वेळा चाचा बरोबर असायचे. सरकारी नकाशात त्या गावाची घरं नव्हती. ती फक्त त्या माणसाच्या डोक्यात होती. त्या दिवशी एका माणसाची स्मरणशक्ती हाच सगळ्यांत मोठा नकाशा होता.

सुरुवातीला काही जण जिवंत निघाले. मी गेलो त्या दिवशी आमच्या डोळ्यांदेखत कोणी जिवंत निघालं नाही. त्याबद्दल जास्त सांगत नाही. काश्मीरच्या डोंगरी घरांत खाली गुरं आणि वर माणसं राहतात. दोघंही एकत्रच सापडत होते.

बर्फ का घसरतं?

आता थोडं शास्त्र. यातलं बरंचसं आम्हाला ‘सासे’च्या लोकांनी शिकवलं. सासे म्हणजे मनालीला १९६९ मध्ये सुरू झालेली, बर्फ आणि हिमस्खलन यांचा अभ्यास करणारी संस्था. ती संरक्षण संशोधन विभागाची. २०२० मध्ये तिचं रूपांतर एका मोठ्या संस्थेत झालं, पण जुने फौजी आजही सासेच म्हणतात.

साठ अंशांच्या कड्यावर बर्फ फारसं साचतच नाही, आलं तसं पडून जातं. वीस अंशांच्या उतारावर ते सहसा बसून राहतं. धोका असतो तो मधल्या, तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर. तिथं बर्फ थरांनी साचतं. खाली जुना गोठलेला गुळगुळीत पापुद्रा असेल आणि वर दोन-तीन दिवसांत जड नवा थर पडला, तर त्या दोघांची पकड बसत नाही. त्यात वारा एका बाजूचं बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचतो. मग एक क्षण असा येतो की अख्खी लादी सुटते. ती ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगानं येऊ शकते, आणि तिच्या पुढं ढकलली जाणारी हवाच घरं पाडू शकते. थांबल्यावर तेच बर्फ काँक्रीटसारखं घट्ट बसतं. आत अडकलेल्याला हातसुद्धा हलवता येत नाही.

म्हणून वेळ फार थोडा असतो. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटला की हा आकडा कोसळतो. लोक मला सियाचीनच्या हनुमंतप्पा कोप्पड यांचं उदाहरण देतात. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर हिमस्खलन झालं, १९ मद्रास बटालियनचे दहा जण गाडले गेले, आणि लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले. ते खरं आहे. पण ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांनीही प्राण सोडला. चमत्कार मोजायचे नसतात, मंडळी. मोजायची ती मिनिटं. आणि दुर्गम गावात बाहेरची मदत पंधरा मिनिटांत कधीच पोचत नाही.

आता हे वादळ येतं कुठून? हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकणाऱ्या हवेच्या प्रणाली असतात, त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. हिमालयाला आपटल्या की बर्फ पडतं. त्यांचाच खालचा पदर मध्य भारतावरून फिरतो तेव्हा आमच्या जबलपूर-सिहोऱ्याकडे हिवाळी पाऊस पडतो. इकडे त्याला मावठा म्हणतात. हलका पडला तर गव्हाला अमृत, गारा पडल्या तर हरभरा आणि मटार झोपतो. निवृत्तीनंतर इथं शेत कसायला लागल्यापासून मी आभाळ दोन्ही डोळ्यांनी पाहतो. एका डोळ्यानं माझा वाटाणा, दुसऱ्यानं पीर पंजाल. इथं मावठ्याची बातमी आली की मी पहिल्यांदा काझीगुंडच्या हवामानाकडे बघतो. जुनी खोड आहे.

इतिहास काय सांगतो?

जबलपूर ही फौजेची जुनी जागा. जम्मू-काश्मीर रायफल्स या रेजिमेंटचं केंद्र इथंच आहे, आमच्या सिहोऱ्यापासून चाळीसेक किलोमीटरवर. या रेजिमेंटची परंपरा डोगरा फौजेपर्यंत जाते, आणि त्या फौजेचा सर्वांत गाजलेला सेनानी म्हणजे जनरल जोरावरसिंह. लडाख जिंकून १८४१ मध्ये ते पश्चिम तिबेटात शिरले, मानसरोवर ओलांडून तकलाकोटपर्यंत गेले. शत्रूनं त्यांना अडवलं हे खरं, पण त्याआधी हिवाळ्यानं त्यांना घेरलं होतं. परतीच्या खिंडी बर्फानं बंद झाल्या. हाताची बोटं गळालेले शिपाई बंदूक धरू शकत नव्हते. अलेक्झांडर कनिंगहॅमनं नोंदवलंय की ऊब मिळावी म्हणून काहींनी आपल्या बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले. १२ डिसेंबर १८४१ ला जोरावरसिंह धारातीर्थी पडले. इतका पराक्रमी सेनापती, पण बर्फापुढं पराक्रमाला पगार नसतो.

दुसरं उदाहरण अगदी जवळचं. जानेवारी १९९५ मध्ये याच जम्मू-श्रीनगर महामार्गावर, जवाहर बोगद्याच्या आसपास, वादळानं शेकडो गाड्या आणि हजारो प्रवासी अडकले. हिमस्खलनं झाली. लोकांनी बोगद्यातच आसरा घेतला. लष्कर आणि वायुसेनेनं हजारो लोकांना बाहेर काढलं, तरी दोनशेहून अधिक माणसं गेली. मरणारे बहुतेक रस्त्यावर होते, प्रवासात होते.

१९९५ आणि २००५ शेजारी ठेवून पाहा. पहिल्या वेळी बळी प्रवाशांचे होते. दुसऱ्या वेळी गाड्या बऱ्याच अंशी वेळीच रोखल्या गेल्या होत्या, आणि सर्वांत मोठा बळी घरात बसलेल्यांचा होता. ‘थांबा’ या हुकुमानं रस्त्यावरचा माणूस वाचतो. पण ज्याचं घरच उताराखाली आहे त्यानं कुठं थांबायचं? वाल्टेंगू नाडचे लोक काही धाडस करायला गेले नव्हते. ते आपल्या चुलीपाशी होते. वादळ तीन दिवसांचं होतं. घर कुठं बांधलं गेलं, तो प्रश्न कित्येक पिढ्या जुना होता. गरीब माणूस उताराखाली हौसेनं राहत नाही. सपाट जमीन दुसऱ्याची असते, म्हणून राहतो.

रस्त्याचा प्रश्न देशानं सोडवला. दर पिढीला आपण डोंगराच्या आणखी खालून गेलो. खिंड ९,३०० फुटांवर होती, जवाहर बोगदा ७,२०० वर. २०१३ मध्ये अकरा किलोमीटरहून लांब रेल्वे बोगदा सुरू झाला, आणि २०२१ मध्ये साडेआठ किलोमीटरचा बनिहाल-काझीगुंड रस्त्याचा बोगदा. हे दोन्ही ५,९०० फुटांच्या आसपास, जवाहर बोगद्याभोवतीचे हिमस्खलनाचे उतार टाळून जातात. ६ जून २०२५ पासून तर कटऱ्याहून श्रीनगरला थेट रेल्वे जाते. आज रजेवर निघालेला जवान खिडकीशी बसून चहा पितो आणि पीर पंजाल डोक्यावरून निघून जातो, त्याला कळतही नाही. मला याचा मनापासून आनंद आहे.

घरांचा प्रश्न मात्र तेवढा सुटलेला नाही, आणि तो फक्त काश्मीरचा नाही. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गेलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं कसं? रोजच्या फेरीवर गेलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना म्हणून. ती बातमी ऐकली तेव्हा मला अक्रोडाच्या शेंड्यापाशी उभे असलेले चाचा आठवले. मग २०२१ मध्ये महाड तालुक्यातलं तळीये, २०२३ मध्ये खालापूरजवळची इर्शाळवाडी. तिकडे बर्फ, इकडे माती. तिकडे फेब्रुवारी, इकडे जुलै. उतार, जड झालेला वरचा थर, खाली निजलेलं गाव आणि तुटलेला रस्ता हे चौघं मात्र सगळीकडे तेच. २३ डिसेंबर २००५ ला देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, त्या वर्षानं जे दाखवलं त्यानंतर तो होणारच होता. त्याच्यामुळे मदत लवकर पोचते. पण मदत ही गाडलं गेल्यानंतरची गोष्ट आहे. पहिल्या पंधरा मिनिटांत कायदा पोचत नाही, शेजारी पोचतो.

म्हणून तीन गोष्टी सांगून थांबतो. डोंगराळ मुलुखात राहणाऱ्यांनी, मग ते सह्याद्रीत असोत, सातपुड्यात असोत की हिमालयात, आपल्या घरामागचा उतार वाचायला शिकावं. त्यावर झाडं एका बाजूला कलली आहेत का, भेगा पडल्या आहेत का, म्हातारी माणसं त्या बाजूला घर का बांधू देत नव्हती, हे विचारावं. दुसरं, गावातल्या घरांचा कच्चा नकाशा शाळेत आणि शेजारच्या गावात असावा, कोणत्या घरात किती माणसं झोपतात त्यासह. चाचा सगळीकडे नसतात. तिसरं, वादळाचा इशारा आला असताना कोणी अधिकारी, ड्रायव्हर किंवा घरातला वडीलधारा ‘थांबा’ म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला शिव्या खायची सवय असते.

साताऱ्याच्या त्या हवालदाराच्या वडिलांचं ऑपरेशन महिनाभरानं झालं आणि नीट झालं. त्यानं मला तसं पत्र पाठवलं होतं.

तुमच्यापैकी कोणी फेब्रुवारी २००५ मध्ये काश्मीरमध्ये असेल, फौजेत, सरकारी नोकरीत किंवा प्रवासात, तर आपली आठवण जरूर लिहून कळवा. इंदूर असो, बडोदा असो, बेळगाव असो की हैदराबाद, जिथं असाल तिथून लिहा. ज्या वादळाला स्वतःचं नाव मिळालं नाही, त्याच्या साक्षी तरी एकत्र राहाव्यात.

जय हिंद.